'से' आला का?

नात्यातल्या एकाने सांगितलं, "नुसती ओळख द्यायचीय, तासाभराचं काम." 2021 साली दुय्यम निबंधकासमोर मी खरेदीखतावर ओळख देणारा म्हणून सही केली, फोटो दिला, अंगठा दिला. विकणारी म्हणून समोर बसलेली बाई जमिनीची मालकीण नव्हतीच, हे साडेतीन वर्षांनी कळलं. खऱ्या मालकिणीने फिर्याद दिली. आरोपी क्रमांक चार, मी.

खरेदी जुनी, म्हणून कलमं जुन्या भारतीय दंड विधानाची (भादंवि) : 420, 467, 468, 471, म्हणजे फसवणूक आणि बनावट दस्तऐवज. अटकपूर्व जामिनाचा अर्ज मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 482 खाली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेआधी नोटीस येते, असं मी ऐकून होतो. वकिलांनी 467 वर बोट ठेवलं. त्यात जन्मठेपही आहे. म्हणजे सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागायचा.

अर्ज दोन दिवसांत दाखल झाला. अडलं ते 'से'वर. से म्हणजे तपासी अधिकाऱ्याचं लेखी म्हणणं, ते सरकारी वकिलांमार्फत येतं. पहिल्या तारखेला आमच्या वकिलांनी तोवर अंतरिम संरक्षण मागितलं. कोर्ट म्हणालं, "से येऊ द्या." दुसऱ्या तारखेला अधिकारी बंदोबस्तावर. तिसऱ्या तारखेला से आला, पण सरकारी वकिलांना तो वाचायला वेळ हवा होता. हे अकरा दिवस मी मामांकडे झोपलो. रात्री गल्लीत मोटारसायकल थांबली की मामी दिवा घालवायची. कोर्टाच्या व्हरांड्यात रोज एकच प्रश्न, आला का? शेवटी तिथला शिपाईच मला लांबून बघून मान हलवायला लागला.

आणि त्या सेमध्ये काय? "आरोपी मिळून येत नाही." अहो, माझा नंबर खरेदीखतावर आहे! फोन एक दिवसही बंद नव्हता. तुम्हीही बंद ठेवू नका. पुढे म्हटलं होतं, सहीचे नमुने घ्यायचेत, मूळ कागद जप्त करायचेत, म्हणून कोठडी हवी. आम्ही सांगितलं, नमुने बोलवाल तेव्हा देतो, मूळ खरेदीखत घेणाऱ्याकडे आहे. फिर्यादीच्या वकिलांनीही कडाडून विरोध केला. माझ्या मते खरं काम केलं ते बँकेच्या उताऱ्याने : व्यवहारातला एक रुपयाही माझ्या खात्यात आलेला नव्हता. तो उतारा मी तिसऱ्या तारखेला नेला. पहिल्याच अर्जाला जोडायला हवा होता.

जामीन झाला. 25,000 चा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र), तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दर सोमवारी 10 ते 12 पोलीस ठाण्यात हजेरी. अटकपूर्व मिळाला तरी ठाण्यात जावं लागतंच. कागदोपत्री अटक दाखवतात आणि मुचलक्यावर सोडतात. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे हवालदाराने "बसा, अटक करतो" म्हटल्यावर पाय लटपटले. जामीनदाराला त्या दिवशी सोबतच न्या. एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावरून उतरवता येते, त्यासाठी मी दोनशे रुपये उगाच मोजले.

पहिल्या सोमवारी 10 ला पोचलो. साहेब बंदोबस्तावर होते. रजिस्टरात सही केली आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहिली.