पेटुनिया, म्हणजे तंबाखूची चुलत बहीण

दिवाळी झाली की मुंबईतल्या नर्सऱ्यांमध्ये काळ्या पिशव्यांतली पेटुनियाची रोपं यायला लागतात, आणि मला विचाराल तर थंडीत खिडकीच्या ग्रिलमध्ये लावायला इतकं भरभरून फुलणारं दुसरं झाड नाही. ऊन मात्र हवंच, सावलीत नुसत्या फांद्या वाढून लोंबायला लागतात.

सुकलेली फुलं खुडताना बोटं चिकट होतात ना, ते या झाडाच्या खानदानामुळे! देठावर आणि पानांवर बारीक लव असते, तिच्यातून चिकट रस येतो, तंबाखूच्या पानाचंही अगदी असंच. दोघं एकाच कुळातले, म्हणजे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, धोतरा वगैरे सगळी मंडळी त्यातलीच (धोतऱ्याचं फूल आठवा, तोच कर्ण्याचा आकार). नावसुद्धा तंबाखूवरूनच आलंय. ब्राझीलकडचे तुपी लोक तंबाखूला जे म्हणायचे ते फ्रेंचांनी ‘पेटुन’ असं उचललं, आणि १८०३ मध्ये जुस्यू या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने त्यावरून पेटुनिया हे नाव ठेवलं, त्याच्यासमोरची सुकवलेली झाडं दक्षिण अमेरिकेत ला प्लाता नदीच्या मुखाकडून आलेली होती.

ती मूळची पांढरी जात. तिच्यासारखी दुसरी जांभळी जात १८३० च्या सुमारास ब्रिटनमध्ये पोचली आणि या दोघींच्या संकरातून आपल्या कुंडीतली रंगीबेरंगी पेटुनिया तयार झाली. "दिसायला छान पण वास नाही" असं लोक सर्रास म्हणतात ते मला पटत नाही, कारण वास घेतात सकाळी! पांढऱ्या जातीला रात्री उडणारे मोठे पतंग हवे असतात म्हणून ती संध्याकाळनंतर दरवळते, जांभळीला दिवसा मधमाश्या येतात, तिला वासाची तेवढी गरज नाही. आता संकरात कुणाकडे किती वास उतरेल सांगता येत नाही, पण पांढरं किंवा गडद जांभळं रोप घेतलं असेल तर दिवेलागणीनंतर एकदा नाक जवळ नेऊन बघाच.

जूनमध्ये कुणी रोप विकायला आणलं तर घेऊ नका, आपल्या पावसात पाकळ्या भिजून चिंधी होते आणि मुळं कुजतात. आणि जानेवारीत झाड उंडारलं, फुलं फक्त टोकाला येतायत असं वाटलं की बिनधास्त अर्धं छाटा, थोडं गांडूळखत घाला, नवीन फुटवे आले की मार्चपर्यंत परत फुलत राहतं.