मागच्या रांगेत

माघवारी आम्हा बेळगाव-खानापूरकडच्या लोकांची. आषाढात भाताची कामं टाकून कोण जातंय? मी दोन वर्षांनी गेलो. त्याआधी १२ वर्षं दिंडीत चाल मीच म्हणायचो. मग थायरॉईडची गाठ काढली आणि आवाज बसला. बोलण्यापुरता आहे, पण वर चढत नाही, मध्येच नुसती हवा सुटते.

यंदा माझ्या जागी भावकीतला पोरगा. सूर काळी चारमध्ये, म्हणजे पार वरच्या पट्टीत लावायचा आणि अंतऱ्याला किंचाळायचा. मी मुद्दाम सगळ्यात मागं, तुळशीवाल्या बायकांच्याही मागं.

"काय करूलास रे मागं?" विणेकरी बाबांनी विचारलं.

"पाय दुखतोय," म्हटलं. खोटं बोललो. संकेश्वरच्या पुढं ते खरं झालं.

बेळगाव, हत्तरगी कधी गेली आठवत नाही. शाळेच्या व्हरांड्यातली थंडी तेवढी आठवते. पण ती दुपार! टाचेला लिंबाएवढा फोड, शेजारून उसाचे ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून चाललेले. विठ्ठलाच्या नावाबरोबर तोंडात शिव्याही येत होत्या. दिंडी पुढं गेली, मी मैलाच्या दगडावर टेकलो.

समोरच्या घरी एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. कपाळाला विभूती. "कुंद्री, कुंद्री," म्हणत कट्ट्यावर नेऊन बसवलं, तांब्याभर ताक दिलं. माझं कानडी बाजारापुरतं. १ नोव्हेंबरला, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, निषेधाची काळी फीत दंडाला बांधून फिरणारा मी, तिथं एकेक कानडी शब्द जुळवत बसलो होतो. तिनं सुई चुलीत धरली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. मी कळवळलो, तर हसली.

मग म्हणाली, "पद हाड्री." म्हणजे पद म्हणा.

मी गळ्यावरचा व्रण दाखवला. तिनं तो नीट पाहिला आणि पुन्हा तेच, "हाड्री."

ध्यानाचा अभंग धरला, पार खालच्या पट्टीत. दोनदा आवाज फाटला. ती शेंगा फोडत राहिली, मान किंचित हलत होती. माझा जुना आवाज तिनं ऐकलेलाच नव्हता. तिच्यापुरता माझा आवाज हाच. संपल्यावर मूठभर शेंगा खिशात कोंबल्या.

"याव ऊर?"

"खानापूर."

"भाळ दूर ऐति," म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

चिकोडीच्या मुक्कामी हरिपाठाला उभा राहिलो, मागेच. पोराला सांगितलं, खाली काळी दोनमध्ये लाव. ऐकलं नाही. राग आलाच. माउलींचा अश्व जिथून आषाढीला निघतो ती अंकली आली, गेली. कृष्णा ओलांडली. पंढरीत रांग बघून कळसालाच हात जोडले.

पण त्याआधी, मिरजेच्या पुढं, एका पहाटे पोरानं आपणहून काळी दोन लावली. मी मागून धरलं. अंतऱ्याला तो वर गेला, मी खालीच राहिलो.