‘युरोप एकच आहे ना बे, मग अग्रीमेंटही एकच बनव!’

शनिवारी सकाळी तर्री पोहे खाता खाता मित्राने हे फेकलं. त्याचं हिंगणा एमआयडीसीत छोटं युनिट आहे, मशीनचे पार्ट बनवतो, आणि आता जर्मनीतून एक इन्क्वायरी आलीय, फ्रान्समधूनही एक. मी वकील, म्हणजे फुकट सल्ल्याचं दुकान. म्हणे दोघांकडे पैसा युरोच, बॉर्डरवर माल कोणी अडवत नाही, मग कायदा काऊन वेगळा?

म्हटलं चहा सांग, लांबलचक आहे.

आपल्याला हा प्रश्न पडतच नाही कारण आपला कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चा, माल विक्रीचा १९३० चा, नागपूरचा माल चेन्नईला जावो की गुवाहाटीला, पुस्तक तेच. अर्थात ते इंग्रजांनी केलं, कोणाला विचारायची गरजच नव्हती त्यांना. युरोपात प्रत्येकाच्या घरचं पुस्तक वेगळं, फ्रान्सचं १८०४ चं, जर्मनीचं १९०० पासूनचं, आणि ते सोडायला कोणी तयार नाही. फरकही किरकोळ नाहीत. नेमकी एखादी मशीन घ्यायची ठरली, सौदा झाला, पण ती अजून विकणाऱ्याच्या गोडाऊनमध्येच आहे आणि तो दिवाळखोर झाला, तर मशीन कोणाची? वेगळं काही ठरलं नसेल तर फ्रान्समध्ये घेणाऱ्याची, सौद्याबरोबरच मालकी गेली. जर्मनीत विकणाऱ्याचीच, कारण तिथे सौदा वेगळा आणि मालकी देणं हा दुसरा, वेगळा व्यवहार. मित्राचा पोह्याचा चमचा इथे थांबला, कारण हे थेट पैशाचं होतं.

एक करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. ओले लँडो नावाच्या डॅनिश प्रोफेसरने ८० च्या दशकात वेगवेगळ्या देशांचे कायदेपंडित एकत्र बसवले, त्यांनी कराराची सामाईक तत्त्वं लिहून काढली, पुढे २००९ मध्ये त्याहून मोठा मसुदा आला, सहा जाडजूड खंडांचा. मग ऑक्टोबर २०११ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे ब्रसेल्समधल्या युरोपियन युनियनच्या कारभारी मंडळाने, विक्रीसाठी एक सामाईक कायदा मांडला, १८६ कलमांचा. गंमत म्हणजे तो ऐच्छिक होता. देशाचा कायदा तसाच राहणार, दोन्ही बाजूंना वाटलं तर हा घ्यायचा. आता ऑनलाइन जोडे घेणारा माणूस कुठला कायदा निवडणार, तो टिक करून मोकळा होतो, म्हणजे निवडणार शेवटी दुकानदारच! ग्राहक संघटना म्हणाल्या आमचं आहे तेवढं संरक्षणही जाईल, जर्मनी-ब्रिटनच्या संसदांतून आक्षेप आले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये कमिशनने प्रस्ताव मागे घ्यायचं जाहीर केलं. माझ्या मते तो पडणारच होता, सगळ्यांना खूश ठेवायला काढलेला कायदा कोणालाच नको असतो.

त्यानंतर त्यांनी छोटे घास घेतले. २०१९ मध्ये दोन डायरेक्टिव्ह, म्हणजे प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात उतरवायचे आदेश, एक डिजिटल गोष्टींसाठी, एक वस्तूंसाठी, १ जानेवारी २०२२ पासून लागू. वस्तूत खोट निघाली तर किमान दोन वर्षं विकणारा जबाबदार, आणि पहिल्या वर्षात निघालेली खोट आधीपासूनच होती असं धरून चालायचं, नव्हती हे त्यानेच सिद्ध करायचं. तिथेही स्पेनने तीन वर्षं ठेवलीच.

‘पण मी तर फॅक्टरीला विकून राहिलो ना!’ बरोबर. हे सगळं ग्राहकांसाठी, त्याच्या काही कामाचं नाही. त्याच्या कामाचा आहे १९८० चा व्हिएन्ना करार, संयुक्त राष्ट्रांचा, धंदेवाल्यांच्या आपसातल्या विक्रीसाठी. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन सगळे त्यात, ब्रिटन नाही, आपणही नाही. म्हणजे ब्रसेल्सला जे जमलं नाही ते बरंचसं आधीच तिथे होऊन बसलंय. आणि भारत बाहेर असला तरी करारात ‘जर्मन कायदा लागू’ एवढंच लिहिलं की मागच्या दाराने व्हिएन्ना येतो, कारण तो जर्मन कायद्याचाच भाग आहे. मालात खोट दिसली तर वाजवी वेळेत कळवा असं व्हिएन्नात म्हटलंय, फार तर दोन वर्षं. वाजवी म्हणजे किती यावरच भांडणं होतात, म्हणून आम्ही सरळ पंधरा दिवस लिहिले.

जर्मनीवाल्याचा ड्राफ्ट झाला. फ्रान्सवाल्याने स्वतःचाच पाठवलाय, फ्रेंच कायदा लागू, आणि खाली एका ओळीत व्हिएन्ना वगळलाय. तसं करता येतं. काऊन वगळला, ते सोमवारी विचारायचं आहे.