संस्थेचे क्रेडिट कार्ड आणि जामिनाचा प्रश्न

अनेक स्वयंसेवी संस्थांमध्ये संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क, ऑनलाइन बैठकांच्या सेवेची वर्गणी, प्रवासाची तिकिटे असे खर्च कोणातरी कार्यकर्त्याच्या खासगी क्रेडिट कार्डावर केले जातात आणि महिनाअखेरीस बिले जोडून भरपाई मागितली जाते. तो कार्यकर्ता संस्था सोडून गेला, की त्याच्या कार्डाला जोडलेली वर्गणी थकते आणि एके दिवशी संस्थेचे संकेतस्थळ उघडेनासे होते. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाने संस्थेला दर महिन्याला बिनव्याजी उसने द्यावे, हे तर मला मुळीच पटत नाही. कार्ड संस्थेच्याच नावावर हवे.

त्यासाठी साधारणपणे नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, लेखापरीक्षित ताळेबंद, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे आणि कार्यकारी मंडळाचा ठराव लागतो. ठराव मोघम नसावा. अर्जावर सही कोण करणार, एकूण पतमर्यादा किती आणि कार्ड कोणाकोणाच्या हाती राहणार, हे इतिवृत्तात स्पष्ट लिहिलेले असावे.

खरी अडचण त्यानंतर येते. बँक अनेकदा एखाद्या विश्वस्ताची वैयक्तिक हमी, म्हणजेच जामीन मागते: संस्थेने पैसे फेडले नाहीत, तर ते त्याने स्वतः भरायचे. बँकेची बाजूही समजून घ्यायला हवी: संस्थेला मालक नसतो, भागभांडवल नसते, आणि खात्यात दिसणारी रक्कम बहुतेक वेळा एखाद्या प्रकल्पासाठीच मिळालेली असल्यामुळे ती कार्डाच्या थकबाकीकडे वळवता येत नाही. तरीही अशी हमी देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. विश्वस्ताने पद सोडले म्हणून हमी आपोआप संपत नाही, त्यासाठी बँकेकडून लेखी मुक्तता घ्यावी लागते. संस्थेने पैसे थकवले, तर त्याच्या स्वतःच्या पतनोंदीला धक्का बसू शकतो. याहून गंभीर बाब म्हणजे ज्याने जामीन दिला, त्याचा शब्द प्रत्येक खर्चात नकळत वजनदार होतो आणि मंडळाचा सामूहिक निर्णय नावापुरता उरतो.

यावर मार्ग आहेत. जिथे संस्थेचे खाते जुने आहे आणि व्यवहार नियमित आहेत, त्या बँकेकडे कमी मर्यादेचे, केवळ संस्थेच्या दायित्वाचे, म्हणजे परतफेडीची जबाबदारी फक्त संस्थेवर असलेले कार्ड आधी मागावे. ते मिळत नसेल, तर मुदत ठेव तारण ठेवून कार्ड घेता येते का, हे विचारावे. मात्र ती ठेव अनुदानाच्या पैशातून नव्हे, तर संस्थेच्या अनिर्बंध, म्हणजे ठरावीक कामासाठी न बांधलेल्या निधीतून केलेली असावी आणि ती तारण असल्याचा उल्लेख हिशेबपत्रकात यावा. तेही जमले नाही, तर आधी पैसे भरून वापरायचे प्रीपेड कार्ड बरे.

कार्ड हाती आल्यावर रोख रक्कम काढण्याची सोय बंदच करून घ्यावी, कारण अशा रकमेवर सहसा पहिल्या दिवसापासून व्याज लागते. स्टेटमेंट तपासणारी व्यक्ती कार्डधारक नसावी. पावतीचा कागद उष्णतेने छापला जाणारा असेल, तर काही महिन्यांत अक्षरे पुसट होतात आणि लेखापरीक्षकांसमोर कोरी पट्टी ठेवावी लागते. म्हणून त्याच दिवशी तिचे छायाचित्र काढून प्रकल्पाचे नाव आणि खर्चाचे कारण व्हाउचरवर लिहावे. देय रक्कम दर महिन्याला पूर्ण फेडली जाईल, अशी सूचना बँकेला पहिल्याच दिवशी देऊन ठेवावी, कारण थकबाकीवरचे व्याज आणि दंड अनुदानातून भागवण्यास देणगीदार संस्था सहसा मान्यता देत नाहीत.