नाइटमधला मुका के

शाळेत इंग्रजी स्पेलिंगचा मला जाम राग यायचा, सरदारवाला नाइट लिहिताना पुढे के कशाला, मधे जीएच कशाला, काही कळायचंच नाही. नंतर समजलं की ती अक्षरं उगाच नाहीयेत, एकेकाळी लोक ती खरंच उच्चारायचे, क्निख्त असं काहीतरी, आणि जर्मनमध्ये क्नेख्त अजून आहे, अर्थ नोकर. मग १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना टाकला, स्पेलिंग हळूहळू कागदावर गोठत गेलं, पण बोलणं कुठे थांबतंय, त्याच काळात दीर्घ स्वर सरकत होते, म्हणजे त्यांचे उच्चार बदलत होते. नावाला इंग्रजीत जो नेम शब्द आहे, त्याचा उच्चार आधी चक्क नामअ असा काहीसा होता, आपल्या 'नाम'चं सख्खं भावंडच ते! मला तर आता तो मुका के फार आवडतो.