मोबाइल आला, म्हणजे माध्यमं लोकांची झाली का?

कोल्हापुरात हा प्रश्न वारंवार कानावर येतो: आता कुणीही चॅनल काढू शकतं, मग माध्यमांत लोकशाही आली की नाही? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बातमी देणं सगळ्यांच्या आवाक्यात आलं, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. ती कुणापर्यंत पोचणार, हे मात्र अजून दुसराच कुणीतरी ठरवतो.

1920 साली डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकासाठी शाहू महाराजांनी 2,500 रुपये दिले. पेपर काढायला तेव्हा भांडवल लागायचं आणि ज्यांचं दुःख छापायचं, त्यांच्याकडेच ते नसायचं. आज साधा मोबाइल, तिपाई आणि कॉलर माइक एवढ्यावर ग्रामसभेची बातमी होते. माइकवर काटकसर नको. पत्र्याच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, ठराव काय झाला तेच कळत नाही आणि बघणारा लगेच पुढं सरकतो.

खरी अडचण पुढं आहे. यूट्यूबवर जाहिरातींचा पैसा सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तास बघणं लागतं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज). 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. तीन मिनिटांच्या बातम्या 80,000 वेळा शेवटपर्यंत बघितल्या गेल्या पाहिजेत. चार हजार वस्तीच्या गावात तान्ह्या बाळासकट प्रत्येकानं वीस-वीस. मग चॅनलवाला गटारीचा विषय सोडून जिल्हाभर चालेल असं भांडण शोधतो. त्याला दोष कसा द्यायचा? हिशेबच तसा मांडलाय.

पुरात मोबाइलच्या दोन्ही बाजू दिसतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर धोका. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं मोबाइलवर आकडा बघून जनावरं हलवतात. त्याच मोबाइलवर 2019 च्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेल्या फोटोतून तारीख, वेळ, ठिकाण ही आतली माहिती गळून पडते. म्हणून फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, त्यात ती राहते. व्हिडिओ असेल तर तो थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. आधी कुठं येऊन गेलेला असेल, तर बऱ्याचदा तिथंच सापडतो.

मिरवणूक दाखवताना मागं डॉल्बी वाजत असेल, तर तेवढा आवाज बंद करून वर निवेदन टाका. गाण्याचा मालक जाहिरातीचा पैसा घेऊ शकतो, नाहीतर व्हिडिओ उतरवायला लावतो. 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (हक्कभंगाचे ठपके) आले, तर चॅनलच जाऊ शकतं. जून 2023 मध्ये इथं इंटरनेट बंद झालं, तेव्हा तर मोबाइलवरच्या सगळ्याच बातम्या अडकल्या. म्हणून मूळ फाइली हार्डडिस्कवर ठेवा, बघणाऱ्यांचे नंबर वहीत लिहा आणि व्ह्यूजची वाट बघण्यापेक्षा घरटी महिना दहा रुपये वर्गणी काढा. आठशे घरांचे आठ हजार होतात, आणि गटारीची बातमी सोडावी लागत नाही.