बुरशी किती नग?

"अळंब्या काढायला परवानगी कशाला? पावसात या, ढिगानं मिळतील." वनखात्याच्या कार्यालयातल्या टेबलामागच्या भाऊसाहेबांचं हे पहिलं वाक्य अजून कानात आहे.

मला अळंब्या नको होत्या. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कोकणातल्या एका देवराईतून आणि शेजारच्या, तोडीनं उघड्या पडलेल्या उतारावरून ऐन आणि किंजळ या झाडांच्या रोपांची बारीक मुळं हवी होती. जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून बसतात. मुळाच्या आत राहणारी मायकोरायझा बुरशी आपले धागे मुळापलीकडे पसरून तो आणून देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. उघड्या उतारावर वरची माती वाहून गेली की या बुरशीचे बीजाणूही जातात. दोन्हीकडच्या मुळांत किती फरक पडतो, एवढंच बघायचं होतं.

जूनमध्ये अर्ज दिला. 'वनस्पती की प्राणी' या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'बुरशी' लिहिलं आणि तिथेच फसले. पुढचा रकाना 'नग'. मूठभर मातीतले बीजाणू कसे मोजून सांगू? 'अगणित' लिहिलं. फाइल शेरा मारून परत. दुसऱ्या खेपेला भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, कृषी सेवा केंद्रात मायकोरायझाची पिशवी मिळते की! जंगलात कशाला फिरता?" मिळते हे खरंच, त्यामुळे राग गिळावा लागला. तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला फाइल 'अभिप्रायार्थ' दुसऱ्या टेबलावर. दर वेळी पहाटेची एसटी, बाकावर दोन-तीन तास, आणि "पुढच्या आठवड्यात बघू". बाहेर मुळं तरारून वाढायचे दिवस चालले होते आणि मी भिंतीवरचं वनमहोत्सवाचं पोस्टर पाठ करत होते.

शेवटी व्हरांड्यात चहा पिणारे एक वनरक्षककाका म्हणाले, "ताई, बुरशी हा शब्दच काढा. मुळं नि माती लिहा." लिहिलं: प्रत्येक जागी माती ५०० ग्रॅम, मुळं ५ ग्रॅम, जागा १२, झाड तोडणार नाही. नऊ दिवसांत सही! तोवर सप्टेंबर संपत आला होता.

असं काम करणार असाल तर अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासकट. माझ्या पहिल्या अर्जाची पोचच नव्हती, त्यामुळे 'तो आलाच नाही' हेही ऐकून घेतलं.

मुळाचा खोडापासून माग काढतच खणा, नाहीतर गवताची मुळं ऐनाची म्हणून घरी येतात. प्रयोगशाळेला सुट्टी असेल तर मुळं ५० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. आतली बुरशी दिसायला मुळांचा रंग आधी घालवावा लागतो, पण १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवूनही ऐनाची मुळं तपकिरीच राहिली. अमोनिया घातलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडनं उजळली, मग बुरशीवर ट्रायपॅन ब्लूचा निळा रंग चढला.

पहिल्या काचपट्टीवर पेशीच्या आत निळं, झुडपासारखं फांद्या फुटलेलं काहीतरी दिसलं. त्याचा फोटो अहवालाला जोडून कार्यालयात दिला. भाऊसाहेबांनी चष्मा वर करून बघितला. "हीच का ती? नग एकच दिसतोय."